तिप्पट जास्त म्हणजे किती?

बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागून मला चोवीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं मी एकाच वाक्यावर लाल रेघ मारत आलो. दोन जिल्ह्यांची तुलना करा, असा प्रश्न सराव परीक्षेत आला की कोणाच्या तरी पेपरात ते असतंच: ‘चंद्रपूर हॅज टू टाइम्स मोअर पीपल दॅन गडचिरोली.’ मी त्याखाली ‘ट्वाइस ॲज मेनी पीपल ॲज’ असं लिहायचो आणि अर्धा गुण कापायचो. कोणी विचारलंच तर फळ्यावर हिशेब मांडायचो. मोअर म्हणजे अधिक. अधिक म्हणजे मुळातलं तसंच ठेवून वर आणखी. मुळातलं एक, वरचे दोन, झाले तीन. म्हणजे बाबा, तू गडचिरोलीच्या तिप्पट माणसं चंद्रपुरात कोंबलीस! वर्ग हसायचा. ज्याचा पेपर असायचा तो खाली बघायचा. मला वाटायचं, मी व्याकरण शिकवतो आहे.

२०११च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२,०४,३०७ होती आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. भागाकार करा, दोनाहून किंचित जास्त येतो. त्या मुलाला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, हसणाऱ्या वर्गालाही ठाऊक होतं. त्याचं वाक्य वाचून चंद्रपूरची लोकसंख्या बत्तीस लाख आहे असा समज एकाही माणसाचा झाला नसता. तरीही मी अर्धा गुण कापला.

हा लेख त्या लाल रेघेच्या विरोधात आहे. पण ‘भाषा प्रवाही असते, अर्थ पोचला ना, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही तो नाही. त्यांच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे. किती पट मोठं, ते विचारू नका.

इंग्रजीत हा वाद जुना आहे. ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’चा नीट अर्थ चौपट होतो, म्हणून ते लिहू नये, असं सांगणारी व्याकरणाची पुस्तकं आणि वृत्तपत्रांच्या शैलीपुस्तिका पुष्कळ आहेत. मेरियम-वेब्स्टरचा वापरकोश याच्या उलट सांगतो. त्याचं म्हणणं असं की ही रचना इंग्रजीत शतकानुशतकं वापरात आहे, चांगल्या लेखकांनी वापरली आहे, आणि ती वाचून प्रत्यक्षात गोंधळणारा वाचक कुठे दिसत नाही. भाषा म्हणजे अंकगणित नव्हे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागावलो होतो. वीस वर्षांचे अर्धे-अर्धे गुण डोळ्यांसमोर आले. नंतर वाटलं, इंग्रज माणसाच्या घरात हे ठीक असेल. पण आमच्या वर्गात हे वाक्य येतं कुठून?

येतं आमच्याकडूनच. ‘चेंज द डिग्री’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने सोडवलेला आहे. ‘राजू इज नॉट ॲज टॉल ॲज संजू’ दिलं की ‘संजू इज टॉलर दॅन राजू’ करायचं. नावांची अदलाबदल, नॉट उडवा, ॲज-ॲज काढा, दॅन घाला, एक गुण खिशात. शंभर वेळा हे केल्यावर मुलाच्या मनात पक्कं बसतं की ॲज-ॲज आणि दॅन ही एकाच मालाची दोन वेष्टनं आहेत. मग कधीतरी ‘ट्वाइस ॲज टॉल ॲज’ समोर येतं आणि मूल इमानदारीत ‘ट्वाइस टॉलर दॅन’ लिहितं. हे मात्र मेरियम-वेब्स्टरवालेही पास करणार नाहीत. त्या मुलाला कोणीच सांगितलेलं नसतं की ॲज-ॲज ही बरोबरीची रचना आहे आणि दॅन ही फरकाची. बरोबरीला गुणता येतं. फरक मोजायला इंच, रुपये, माणसं, टक्के असं काहीतरी माप लागतं. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं मी वीस वर्षं दिली नाहीत, कारण माझ्याकडे फळ्यावरचा विनोद होता.

आणि खरं तर ती पाच मिनिटंही लागू नयेत, कारण हा भेद मुलाच्या मराठीत आयता आहे. ‘चंद्रपूरची लोकसंख्या गडचिरोलीच्या दुप्पट आहे.’ ‘चंद्रपूरची लोकसंख्या गडचिरोलीपेक्षा सव्वाअकरा लाखांनी जास्त आहे.’ पहिल्या वाक्यात ‘च्या’ आहे, तिथे गुणाकार आहे. दुसऱ्यात ‘पेक्षा’ आहे, तिथे वजाबाकी आहे. ‘च्या’ला पट लागते, ‘पेक्षा’ला ‘ने’ किंवा ‘नी’ लावलेला फरक लागतो. पाटा वाटायला, उखळ कांडायला, तशी ही दोन हत्यारं आहेत. शिवाय आपल्याकडे पटीचे शब्द इतके आहेत की इंग्रजीला त्यांचा हेवा वाटावा. तिथे ट्वाइस झालं, थ्राइस झालं की शब्द संपले, आणि त्यातला थ्राइस आता बहुधा आपल्याच प्रश्नपत्रिकांत जिवंत आहे. आपल्याकडे दुप्पट, तिप्पट, चौपट तर आहेच, वर सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि चंद्रपूरचं ११,४४३. म्हणजे गडचिरोली चंद्रपूरच्या सव्वापट. एका शब्दात काम झालं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केलेल्या पिढीला यासाठी कागदसुद्धा लागत नसे.

पैशाच्या व्यवहारात हा अर्थ किती पक्का होता त्याचा पुरावा ‘दामदुप्पट’ या शब्दात आहे. हिंदू कायद्यातला हा जुना नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. व्याज साठत साठत मुद्दलाएवढं झालं की सावकाराने थांबायचं. मुद्दल शंभर, व्याज शंभर, एकूण दोनशे, म्हणजे दुप्पट. ‘दुप्पट म्हणजे मुद्दल अधिक त्याच्या दोनपट व्याज’ असा अर्थ एखाद्या सावकाराने लावला असता तर ऋणको देशोधडीला लागला असता. पट म्हणजे शेवटची बेरीज, वरची भर नव्हे, हे या एका शब्दात ठरून गेलेलं होतं.

मग आपण ते बिघडवलं. ‘च्या तिप्पट’च्या जागी ‘पेक्षा तिप्पट जास्त’ आलं. माझ्या मते ही ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’ची शब्दाला शब्द उतरण आहे; बातमी इंग्रजीतून घाईने मराठीत आणताना रुळलेली. (‘पेक्षा दुप्पट’ एवढंच बोलण्यात पूर्वीही असे. ‘हा त्याच्यापेक्षा दुप्पट जेवतो’ असं माझी आजीही म्हणायची. त्यावर माझा आक्षेप नाही. आजी जेवणाची बिलं काढत नव्हती.) ‘जास्त’ जोडला की गुणाकार आणि बेरीज एकाच वाक्यात कोंबली जातात आणि वाचणाऱ्याने हवं ते उचलावं अशी सोय होते.

‘दुपटीने वाढ’ हे त्याहून लबाड आहे. मराठीत वाढीला ‘ने’ लागला की तो भर सांगतो. भाव दहा रुपयांनी वाढला म्हणजे दहा रुपये वर चढले. भाव दहा रुपयांवर गेला म्हणजे तो आता दहा आहे. या दोन वाक्यांत घोळ घालणारा दुकानदार एक दिवस टिकणार नाही. मग ‘भाव दुपटीने वाढला’ म्हणजे काय? रुपयांच्या चालीने वाचलं तर मुळातलं एक आणि वरचे दोन, म्हणजे तिप्पट. लिहिणाऱ्याच्या मनात असतं दुप्पट. ‘जोराने वाढला’सारखा हा रीत दाखवणारा ‘ने’ आहे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पण त्याच बातमीच्या पुढच्या ओळीत ‘टक्क्यांनी’ असतं, आणि तिथला ‘नी’ कटाक्षाने भर दाखवतो. एका परिच्छेदात दोन ‘ने’, दोन अर्थ. वाचकाने कोणत्या ‘ने’ला हात जोडायचे?

आमच्या भागातलं उदाहरण घेऊ. अखिल भारतीय व्याघ्रगणनेत महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज २००६ साली १०३ होता. २०१०ला १६९, २०१४ला १९०, २०१८ला ३१२ आणि २०२२ला ४४४. मोजण्याची पद्धत दर फेरीत सुधारत गेली आणि आकड्यांना मागेपुढे पट्टा असतो, ते बाजूला ठेवू. २००६ ते २०१८ ही वाढ तीन वाक्यांत सांगता येते: वाघ तिप्पट झाले, वाघ दोनशे टक्क्यांनी वाढले, वाघांत दोनपट भर पडली. तिन्ही खरी आहेत. पण ‘वाघ तिपटीने वाढले’ हे चौथं वाक्य, जे सर्रास लिहिलं जातं, माझ्या लाल रेघेच्या नियमाने ४१२ वाघ देतं. ३१२ आणि ४१२ यांत शंभर वाघांचा फरक आहे. जवळजवळ अख्खा ताडोबा एका विभक्तिप्रत्ययात मावला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात मोहफुलं वेचायला पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईसाठी शंभर वाघ ही शैलीची बाब नाही.

सुरजागडच्या लोहखाणीची परवानगी असलेली वार्षिक क्षमता २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. ही ‘तिपटीने वाढ’ की ‘दोनशे तेहतीस टक्के वाढ’? दोन्ही शब्दयोजना ऐकू येतात, आणि ज्याला वाढ छोटी दाखवायची असते तो एक निवडतो, मोठी दाखवायची असते तो दुसरी. रस्त्यावरच्या ट्रकांना व्याकरण कळत नाही. ३० लाखांचे एक कोटी, एवढं सांगितलं तर एटापल्लीतल्या कोणालाही पुढचं कळतं.

आता माझ्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील घरी आले. त्यांची दीड एकर धानाची बांधी एका प्रकल्पात जाणार होती. गावात चर्चा होती, कोणीतरी मोबाइलवर २०१३च्या भूसंपादन कायद्याची इंग्रजी पानं पाठवली होती. ‘सर, तुमी इंग्रजीचे. वाचून सांगा जी, आमाले किती भेटन?’ मी वाचलं. कायद्याचा हिशेब असा आहे: जमिनीचा बाजारभाव काढायचा, ग्रामीण भाग असेल तर त्याला एक ते दोन यांमधल्या गुणकाने गुणायचं, आणि जे येईल त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची. त्यांच्या बाबतीत गुणक दोन होता. बाजारभाव शंभर धरला तर दोनने गुणून दोनशे, त्यावर शंभर टक्के म्हणजे आणखी दोनशे, एकूण चारशे.

गंमत पाहा, या एका हिशेबात आपल्या वादाची दोन्ही टोकं आहेत. ‘गुणक दोन’ हा गुणाकार आहे: दोन म्हणजे शेवटी दोन. ‘शंभर टक्के दिलासा’ ही भर आहे: शंभर टक्के म्हणजे शेवटी दोन. एकीकडे दोन आणि एकीकडे शंभर टक्के, आणि दोन्ही ठिकाणी रक्कम दुप्पट होते. ज्याने या दोहोंत घोळ घातला त्याचं उत्तर दोनशेपासून सहाशेपर्यंत कुठेही जाऊ शकतं. लोक सरसकट ‘चौपट मोबदला’ म्हणतात तेही अर्धवटच. गुणक एक असला तर तो दुप्पटच राहतो. (हिंदीत चौपट म्हणजे सत्यानाश. आमच्याकडे दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे भूसंपादनाच्या सभेत या शब्दावर हमखास कोणीतरी हसतं.)

मी गणित बरोबर केलं. आणि मग, वीस वर्षांच्या सवयीने, व्याकरणाला धरून अचूक बोललो. म्हणालो, ‘भाऊ, बाजारभावापेक्षा तिप्पट जास्त मिळेल.’ मुळातलं एक, वरचे तीन, झाले चार. फळ्यावर शंभर वेळा मांडलेला हिशेब. त्यांनी मान हलवली, चहा घेतला, गेले.

दोनेक महिन्यांनी कळलं की त्यांनी जमीन विकली. भूसंपादनाची कुणकुण लागली की जमिनी उचलणारे लोक गावोगाव फिरतात. तसा एक त्यांच्याकडे आला आणि त्याने बाजारभावाच्या तिप्पट रोख देऊ केले. सरांनी सांगितलेलं तिप्पट, हाही देतो तिप्पट, मग सरकारच्या दारात चार वर्षं चकरा कशाला मारायच्या? त्यांचा विचार बिनचूक होता. फक्त ‘जास्त’ या शब्दात मी लपवून ठेवलेलं एक शंभर त्यांना दिसलं नाही. मिळायच्या रकमेतला चौथा हिस्सा त्या शब्दात गेला. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. त्यांना आजही वाटतं की सरांनी बरोबर सांगितलं होतं.

आणि माझ्या नियमाने मी बरोबरच होतो! हीच तर या नियमाची खोड आहे. माझी लाल रेघ सांगते की ‘तिप्पट जास्त’ म्हणजे चार. मेरियम-वेब्स्टर सांगतो की सामान्य माणूस ते तीनच ऐकतो. दोघंही खरं सांगतात, आणि म्हणूनच ते वाक्य तोंडातून काढू नये. दोन शिकलेली माणसं ज्याचे दोन आकडे सांगतात, ते वाक्य बरोबर की चूक यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बांधीचा सौदा करायला ते निरुपयोगी आहे एवढं पुरे. मी त्या घरात ‘बाजारभावाच्या चौपट’ म्हणालो असतो, किंवा त्याहून बरं म्हणजे ‘शंभराचे चारशे’ म्हणालो असतो, तर माझी इंग्रजीची एमए वाया गेली नसती.

‘संदर्भाने कळतं हो’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो: कोणाला कळतं? संदर्भ त्यालाच मदत करतो ज्याला आकडा आधीच माहीत आहे. वर्गात सगळ्यांना चंद्रपूरची लोकसंख्या माहीत होती, म्हणून मुलाचं वाक्य निर्धोक होतं. त्या भाऊंना रक्कम माहीत नव्हती, म्हणून तर ते विचारायला आले होते. ज्याला आकडा नव्याने कळायचा आहे त्याच्याकडे वाक्याशिवाय दुसरं काही नसतं. बोलण्यात निदान उलट विचारता येतं. ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलेल्या कागदाला काय विचारणार? आणि धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या ज्या मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया आहे, ज्यांना मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्यानंतर, त्यांनी ‘कानाला सवय’ कुठून आणायची? वहिवाटीवर विसंबा, हा सल्ला ज्यांच्या घरात वहिवाट आहे त्यांच्यासाठी असतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असं वाचन दिलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटला होता. मंगला नारळीकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मुलांना सोपं जावं म्हणून केलेली ती सूचना. तिच्यावर अग्रलेख झाले, विधिमंडळात टोमणे झाले, मराठी बुडाली असंही सांगून झालं. मला त्या वादात दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटल्या. पण ‘वीस सात’ म्हटलं काय आणि ‘सत्तावीस’ म्हटलं काय, हातात सत्तावीसच पडतात. ‘तिपटीने वाढ’ म्हटल्यावर हातात काय पडेल हे सांगता येत नाही, आणि त्यावर एक अग्रलेख माझ्या पाहण्यात नाही.

‘च्या’चा मला वाटणारा मोठा गुण वेगळाच आहे. तो पाया विचारतो. ‘दीडपट’ म्हटलं की मराठी कान विचारतो, कशाच्या? २०१८च्या अर्थसंकल्पात खरिपाच्या पिकांना उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव देण्याची घोषणा झाली. स्वामिनाथन आयोगाची शिफारस खर्चावर किमान पन्नास टक्के अधिक अशी होती. पन्नास टक्के अधिक म्हणजे दीडपट, इथवर भांडण नाही. त्या वर्षी साध्या धानाचा हमीभाव १,७५० रुपये क्विंटल ठरला. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात बियाणं, खत, मजुरी असा हातचा खर्च आणि घरच्यांच्या श्रमांची किंमत धरून येणारा आकडा १,१६६ होता. त्याच्या दीडपट १,७४९. घोषणा खरी ठरली. पण त्याच आयोगाच्या तक्त्यात जमिनीचं खंडमूल्य आणि भांडवलावरचं व्याजही धरलेला सर्वंकष खर्च १,५६० होता. त्याच्या दीडपट २,३४०. क्विंटलमागे ५९० रुपयांचा फरक, आणि ‘दीडपट’ दोन्हीकडे अचूक. सगळं भांडण ‘च्या’च्या अलीकडच्या शब्दावर आहे. हमीभाव ‘दीडपटीने वाढवला’ असं जिथे जिथे छापून आलं, तिथे तो अलीकडचा शब्दच गळून पडला. खर्चाच्या दीडपट, की मागच्या वर्षीच्या भावाच्या? ‘ने’ असली चौकशी करत नाही. म्हणूनच तो जाहिरातदारांना आवडतो.

राहिलं ‘तीनपट कमी’. याबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण त्याला बचावच नाही. एकपट कमी केलं की शून्य उरतं. पुढच्या दोन पटी कुठून कमी करणार? गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरच्या देखभालीचा केलेला अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या कामातला बहुधा सर्वांत गाजलेला अभ्यास. प्रयोगातल्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते २५.५ वर आले. याला ‘अडीचपट कमी’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत. प्रेमाने, अभिमानाने म्हणणारे. पण बासष्टातून बासष्टाच्या अडीचपट वजा केले तर उत्तर शून्याच्याही खाली जातं. ‘हजारी बासष्टाचे साडेपंचवीस झाले’ या वाक्यात काय कमी आहे? त्यात ती बाळं तरी मोजता येतात.

आणि उलट्या बाजूची मापं आपल्याकडे नव्हती असंही नाही. इथला शेतकरी ‘यंदा दोनपट कमी पिकलं’ असं म्हणत नाही. ‘आठ आणे पीक झालं’ म्हणतो. भरलं पीक सोळा आणे, त्यातले आठ. महसूल खात्याची आणेवारी याच बोलीवर उभी राहिली. आता तिची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईच्या यादीत येतं. पाया सोळा आणे, त्यातला हिस्सा किती, एवढंच सांगायचं. ‘अडीचपट कमी’ लिहिणाऱ्या पत्रकाराचे आजोबा बहुधा आणेवारीच्या भाषेत बोलत असतील.

यंदा मी ‘टू टाइम्स मोअर’वर रेघ मारली नाही. समासात ‘कशाच्या? किती?’ एवढं लिहिलं आणि पेपर परत दिला. वर्गात फळ्यावर मराठी वाक्य आधी लिहिलं, ‘चंद्रपुरात गडचिरोलीच्या दुप्पट माणसं आहेत’, आणि त्याखाली इंग्रजी. मग ‘च्या’खाली खडूने वर्तुळ केलं आणि दुसऱ्या ‘ॲज’खाली दुसरं, आणि दोन्ही रेघेने जोडली. खाली दोन्ही जिल्ह्यांचे आकडे मांडले. गुणाकार तो, फरक हा. मागच्या बाकावरून एकीने हात वर केला. कोरचीकडची मुलगी, उन्हाळ्यात घरच्यांबरोबर तेंदूपत्त्याला जाते. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांना दर, हा हिशेब तिच्या बोटांवर असतो.

‘सर, फळीवर लिवलं होतं का औंदा बोनस मागच्या सालापेक्षा दुपटीनं वाढून भेटन. मंग मागच्या सालच्या शंभराचे औंदा किती समजाचे जी?’

मी म्हटलं, दोनशे असतील, तीनशेही असतील. फळी लिहिणाऱ्याला जाऊन विचार, आणि आकडा लिहून घे.